गर्दीने नव्हे, माणसांनी मारलं

राईनपाड्याचा विषय निघाला की आमच्याकडे एक वाक्य हमखास येतं. फैजपूर असो, सावदा असो की रावेर, बोलणारा शिकलेला असो वा नसो, तो म्हणतो, "गर्दीनं मारलं. आता कोणाकोणाला धरणार?" परवा गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी हेच लेवा बोलीत ऐकवलं: "गर्दीले नाव राहते का, भाऊ?" हे गृहस्थ दुष्ट नाहीत. ज्यांची माणसं तुरुंगात गेली त्या गरीब आदिवासी घरांबद्दल त्यांना खरी कळकळ आहे, आणि हजारोंच्या जमावातले मोजकेच सापडले हा अन्याय आहे असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणूनच त्यांना उत्तर देणं गरजेचं आहे. क्रूर माणसाचा बचाव लोक सहज ओळखतात. सज्जनाच्या तोंडून आलेला तोच बचाव मात्र गावाचं मत होऊन बसतो.

आधी घडलं काय ते सांगतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे आदिवासी वस्तीचं गाव, आणि तो आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं मूळची मंगळवेढ्याकडची आणि त्याला लागून असलेल्या सीमाभागातली. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीची होती. तिचा शेवट कापून ती खऱ्या अपहरणाची म्हणून पुढे ढकलली गेली. राईनपाड्यात संशय आला, पाचही जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. त्यांच्यापैकी कोणीही कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

आता "गर्दीनं मारलं" हे वाक्य या घटनेपुढे ठेवून पाहा. खोलीचं दार कोणी लावलं? गर्दीला हात नसतात, दार एका माणसाच्या हाताने लागतं. काठी कोणी आणून दिली? आत कोण शिरलं, दारात कोण उभं राहिलं, बाहेरून "सोडू नका" कोण ओरडलं? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एकेक माणूस आहे. त्याला वडिलांनी ठेवलेलं नाव आहे, मतदार यादीत त्याचा क्रमांक आहे, आणि गाव त्याला ओळखतं. अशा गावात कोणी कोणाला ओळखलं नाही हे मला पटत नाही. आमच्याकडे तर चालण्यावरून, खोकण्यावरून माणूस अंधारात ओळखतात. राईनपाड्यात तर दिवस होता.

जाणत्या मंडळींचा पुढचा मुद्दा कायद्याचा असतो. ते म्हणतात, फौजदारी कायद्यात ज्याची कृती त्याचीच शिक्षा. मग कोणाच्या फटक्याने कोण मेलं हे सिद्ध झाल्याशिवाय धुळ्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली ती कशी? यातला पहिला भाग अगदी खरा आहे. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला शिक्षा नाही, भावासाठी भावाला नाही. पण कृती म्हणजे फक्त शेवटचा फटका, असं कायद्याने कधीच म्हटलेलं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम १४९ काय म्हणत होतं ते पाहा. पाच किंवा अधिक माणसं समान उद्देशाने एकत्र आली, तो उद्देश बेकायदा असला आणि तो साधताना जमावातल्या एकाने गुन्हा केला, तर त्या वेळी त्या जमावाचा भाग असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी. असा गुन्हा घडण्याची शक्यता आहे हे जमावातल्यांना ठाऊक असेल, तरीही दोषी. आज हेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० मध्ये आहे.

हे कलम वाचून घाबरणाऱ्यांनी त्याचा न्यायालयांनी लावलेला अर्थही वाचावा. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली बलदीन खटल्यात बजावलं की जमावात नुसतं हजर असणं पुरेसं नाही. गावात आरडाओरडा झाला की माणूस बघायला जातोच, त्याला त्यासाठी फाशी-जन्मठेप देता येत नाही. पुढे १९६४ साली मसालती खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की बलदीनचा अर्थ 'प्रत्येकाचा वेगळा फटका सिद्ध करा' असा नाही. माणूस जमावाच्या उद्देशात सामील होता हे सिद्ध झालं की पुरे. मात्र शेकडो लोक असताना एखाद्या साक्षीदाराने घाईत चुकीचं नाव घेण्याचा धोका असतो, म्हणून दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एकसारखं सांगितलं तरच त्या आरोपीला धरावं, अशी कसोटी त्या निकालात मान्य झाली. पाहणारा आणि सामील असणारा यांच्यात कायद्याने ओढलेली ही रेघ इतकी काळजीपूर्वक आहे. ती रेघ ठाऊक नसताना 'सगळ्यांना एकाच माळेत ओवलं' असं म्हणणं योग्य नाही.

आता एक खरी हरकत. ती मांडणारे फैजपुरात भेटतात आणि तिला मान द्यायला हवा. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला आमच्या गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, नगराचं नाव टिळकनगर. त्या मंडपात बसलेल्या कितीतरी सत्याग्रह्यांनी बेकायदा जमावाच्या कलमांखाली तुरुंग पाहिला होता. मानवेंद्रनाथ रॉय तर नुकतेच सुटून आले होते. कानपूर कटाच्या खटल्यात कलम १२१-अ खाली त्यांना आधी १२ वर्षांची शिक्षा झाली होती, ती पुढे ६ वर्षांवर आली. तेव्हा हरकत अशी: सामूहिक जबाबदारीची ही कलमं सरकारच्या हातातलं शस्त्र आहेत, आणि ज्या गावाने त्या शस्त्राने जखमी झालेल्यांना डोक्यावर घेतलं, त्या गावच्या माणसाने त्यांचं समर्थन करू नये.

मी ते समर्थन करतो, आणि त्याचं कारण सांगतो. सत्याग्रह्यांवरचा अन्याय कोणता होता? एकत्र येण्यालाच, मताला आणि घोषणेलाच गुन्हा ठरवलं गेलं होतं. त्यांच्या जमावाचा उद्देश निर्दोष होता, म्हणून त्यांना जमाव म्हणून शिक्षा देणं अन्याय्य होतं. राईनपाड्यात उद्देशच कोंडलेल्या माणसांना मारण्याचा होता. मिठाचा सत्याग्रह आणि कोंडलेल्या भिक्षेकऱ्यांची हत्या या दोन्हींना 'जमाव' एवढ्या एकाच शब्दाखाली बसवणं, हा टिळकनगरात बसलेल्या माणसांचाच अपमान आहे. शिवाय त्या सत्याग्रह्यांनी कधी म्हटलं नाही की आम्ही नव्हतो, गर्दी होती. ते न्यायालयात उभे राहून स्वतःचं नाव सांगत आणि शिक्षा मागून घेत.

यानंतर जे सांगितलं जातं ते सगळ्यांत हळवं आहे, आणि म्हणूनच सगळ्यांत घातक. "त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलं वाचवायला गेले होते." फौजदारी कायद्यात मनाची अवस्था पाहिली जाते, हे खरं आहे. वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक चूक झाली तर माणूस सुटू शकतो. जुन्या संहितेचं कलम ७९, नव्या संहितेचं कलम १७ त्यासाठीच आहे, आणि ही सूट कागदावरच राहिलेली नाही. १९५२ साली नागपूर उच्च न्यायालयापुढे चिरंगी नावाच्या माणसाचा खटला आला. जंगलात स्वतःच्या मुलाला त्याने वाघ समजून कुऱ्हाडीने मारलं होतं. न्यायालयाने त्याला सोडलं. ओरिसातलं दुसरं प्रकरण राम बहादुर थापाचं. ओस पडलेल्या विमानतळावर मध्यरात्री दिवा हलताना दिसला, भुतं नाचताहेत असं समजून हा नेपाळी नोकर खुकरी घेऊन धावला. त्या मोहाची फुलं वेचणाऱ्या आदिवासी बाया होत्या, त्यांतली एक मेली. ओरिसा उच्च न्यायालयाने त्याचीही सुटका कायम ठेवली.

मग राईनपाड्याला हीच सूट का नाही? कारण या सुटकेत एक अट आहे आणि ती आमच्याकडच्या चर्चेत कधीच येत नाही. कायद्यातली सद्भावना म्हणजे मनाचा चांगुलपणा नव्हे. जुन्या संहितेचं कलम ५२ सांगत होतं की योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येणार नाही. चिरंगीला आणि थापाला, त्यांची समजूत आणि तो प्रसंग पाहता, पुन्हा पाहायला सवड नव्हती. ज्याला ते घाबरले ते त्यांच्या मते मोकळं होतं आणि समोर होतं. राईनपाड्यात पाचही माणसं ताब्यात होती, खोलीत बंद होती. विचारायला वेळ होता. तुमचं गाव कुठलं, मुक्कामाला तळ कुठे टाकलाय, तिथे फोन लावा, पोलिसांना येऊ द्या. कोणाचं मूल हरवलंय का, एवढं तरी गावाने आपसात विचारायचं होतं. मूल हरवलेलंच नव्हतं! ज्या चुकीची शहानिशा एका प्रश्नाने झाली असती आणि तो प्रश्न कोणी विचारला नाही, ती चूक बचाव म्हणून उभी राहत नाही.

एखादा वकील इथे स्वसंरक्षणाच्या अधिकारावर बोट ठेवेल. अपहरणाच्या हेतूने हल्ला होत असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येतो, असं कलम १०० म्हणायचं, आता कलम ३८ म्हणतं. बरोबर. पण त्याच प्रकरणातली शेजारची कलमंही वाचा. धोक्याची भीती टिकून आहे तोवरच हा अधिकार टिकतो. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार नाही. आणि संरक्षणाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. कडी लावल्या क्षणी तो अधिकार संपला. त्यानंतर पडलेला प्रत्येक फटका शिक्षा म्हणून मारलेला होता, आणि शिक्षा देण्याचा अधिकार या देशात राईनपाड्याला नाही, फैजपूरला नाही, कोणत्याच गावाला नाही. रागाच्या भरात झालं म्हणावं, तर गंभीर आणि अचानक प्रक्षोभ देणारं कृत्य त्या पाच जणांनी केलंच कुठे होतं? नानावटी खटल्यात तर पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची प्रत्यक्ष कबुली दिली होती. तरी ती कबुली आणि त्या पुरुषाचा खून यांच्या मधल्या काही तासांत माणूस भानावर येऊ शकत होता, म्हणून १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने नौदलाच्या त्या मानाच्या अधिकाऱ्याची जन्मठेप कायम केली. अफवेला त्याहून मोठी सवलत कशी मिळेल?

इथवर कायदा झाला. मला याच्याही तळाशी जायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त राग मला तिथल्या गोष्टीचा येतो. त्या पाच जणांना का मारलं? त्यांनी काही केलं म्हणून नाही. 'तसले लोक' म्हणून मारलं. झोळी, परका चेहरा, परकी बोली, गावात घर नाही, एवढ्यावर निकाल लागला. भटक्यांकडे असं बघायला शिकवलं कोणी? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवलं. पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसाने काही केलेलं असो-नसो, त्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. तो कायदा १९५२ साली गेला, पण ती नजर गेली नाही. डवरी गोसावी त्या कायद्याच्या यादीतले नसतील, तरी मुक्काम हलवत जगणाऱ्या प्रत्येकावर ती पडते. फौजदारी जबाबदारीचं पहिलं तत्त्व त्या खोलीत असं मोडलं गेलं: माणसाने काय केलं हे न विचारता तो कोणातला आहे हे पाहिलं गेलं.

आणि आता बचाव कोणता मांडला जातोय? तोच, उलट्या बाजूने. मारताना म्हणायचं 'ते सगळे तसलेच', आणि जाब विचारला की म्हणायचं 'आम्ही सगळेच होतो'. समोरच्याला समूह म्हणून दोषी धरायचं आणि स्वतःला समूह म्हणून निर्दोष ठेवायचं. दोन्हीकडे माणूस गायब. माझा त्या जाणत्या गृहस्थांना सवाल आहे: गर्दीला नाव नसतं हे तुम्हाला आरोपींच्या बाबतीत आठवतं, मग टोळीला नाव असतं का, हे त्या दिवशी कोणी का विचारलं नाही?

याच कारणाने मी दुसऱ्या टोकाच्या माणसांशीही सहमत नाही. राईनपाड्यानंतर, आणि एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारल्यानंतरही, 'अख्खं गाव आत टाका' अशी मागणी झाली. संताप मी समजू शकतो, मागणी मान्य करू शकत नाही. राईनपाड्यात घराबाहेर न पडलेली म्हातारी होती, शेतावर गेलेले होते, बाजारात केवळ भाजी घ्यायला आलेले होते. त्यांना गावाच्या नावावर शिक्षा देणं म्हणजे डवरी गोसाव्यांना लावलेलाच न्याय त्यांना लावणं. मोजकेच सापडले म्हणून निकाल खोटा, हे जसं चूक, तसंच मोजकेच सापडले म्हणून उरलेल्यांनाही पुराव्याशिवाय धरा, हेही चूक. ज्यांच्याविरुद्ध पुरावा टिकला त्यांना धुळ्याच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली. बाकीचे निसटले असतील तर त्यावर उपाय पुरावा हाच आहे. सापडलेल्यांना सोडून देणं हा उपाय होऊ शकत नाही. चोरांपैकी निम्मे पळाले म्हणून हाती लागलेल्याला कोणी चहा पाजून घरी पाठवत नाही.

राईनपाड्यानंतर सोळाव्या दिवशी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळीविरुद्ध सविस्तर आदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा नोडल अधिकारी, जलद खटले, पीडितांना भरपाईची योजना, आणि संसदेने वेगळा गुन्हा निर्माण करावा अशी शिफारस. भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच अन्य कारणावरून केलेल्या खुनाला प्रत्येक सदस्यास फाशी किंवा जन्मठेप आहे. मुलं पळवण्याच्या अफवेवरून झालेला खून यात बसतो का, यावर वाद होईल. माझं मत, भटका आणि परमुलखातला म्हणून संशय घेतला असेल तर तो समुदाय आणि जन्मस्थान या शब्दांत बसतो. बसला नाही, तरी साधं खुनाचं कलम आणि कलम १९० आहेतच. २०१८ च्या गुन्ह्याला अर्थात तेव्हाचाच कायदा लागतो. सांगायचं एवढंच की कायद्यात पळवाट नाही. पळवाट आहे ती साक्षीत.

मसालतीची कसोटी पुन्हा आठवा: दोन-तीन साक्षीदारांची एकसारखी साक्ष. म्हणजे जमावातल्या आरोपीचं सुटणं किंवा न सुटणं गावातल्या दोन-तीन माणसांच्या तोंडावर अवलंबून आहे. "गर्दीले नाव राहते का" हे वाक्य नेमकं तिथे काम करतं. ते साक्षीदाराला गप्प बसायला सन्मानाचं कारण देतं. त्याला भाऊबंदकी आहे, बांधाला बांध लागलेला आहे, पोरीचं लग्न त्याच गोतात व्हायचं आहे. त्याची भीती मी हलकी समजत नाही. पण त्या भीतीवर उपाय शोधणं वेगळं आणि तिला तत्त्वज्ञानाचा साज चढवणं वेगळं. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम आहे, डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. खुनाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना द्यावी, हे तर फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या आणि नव्या दोन्ही संहितांनी नागरिकाचं कर्तव्यच ठरवलं आहे. गावचा पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याने याच कामासाठी नेमलेला असतो.

आमच्या या पट्ट्यात परकी माणसं रोज येतात. केळीच्या गाड्यांबरोबर उत्तरेकडचे चालक येतात, सातपुड्यातून पावरा मजूर उतरतात, गुरं घेऊन काठेवाडी येतात, झोळीवाले येतात. उद्या फैजपूरच्या बाजारात त्यांतल्या एखाद्याची कोणी गचांडी धरली आणि भोवती माणसं जमू लागली, तर पहिल्या पाच मिनिटांत ११२ वर फोन लावायचा आहे. मुलाचा प्रश्न असेल तर १०९८ आहे. तोवर त्या माणसाला कोणी हात लावू नये म्हणून त्याच्या पुढे उभं राहायचं आहे. आणि तरीही कोणी हात उचललाच, तर तो कोणाचा होता हे डोळे उघडे ठेवून पाहायचं आहे आणि पोलीस ठाण्यात जाऊन त्याच्या नावानिशी लिहून द्यायचं आहे, मग तो चुलता असो, मेहुणा असो की आपल्याच पक्षाचा कार्यकर्ता. त्या जाणत्या गृहस्थांचं गावात वजन आहे. ते असं पुढे उभे राहिले तर दहा जण मागे सरतील, आणि ते साक्षीला उभे राहिले तर आणखी दोघांना धीर येईल. हे काम त्यांनी करावं अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.